काल्याची वडी

आमच्या कळव्याच्या चाळीत मालनला चिकट म्हणणाऱ्या बायका पुष्कळ. म्हणोत बापड्या. माझं घर तिच्या भिंतीला भिंत लावून आहे, मला तिचा संसार माहीत आहे. नवरा प्रभाकर रंगकाम करणारा. कधी हाताला काम, कधी नुसती वाट बघणं. म्हणून साबणाची वडी झिजून नखाएवढी झाली तरी मालन तो तुकडा टाकायची नाही. डबा भरला की साबणासाठी वेगळी ठेवलेली किसणी काढायची, सगळे तुकडे किसायची, गरम पाणी शिंपडून मळायची आणि श्रीखंडाच्या डब्यात थापून ठेवायची. हिरवा, पांढरा, पिवळा, सगळे रंग एका वडीत. मी तिला काला म्हणायचे. पुढे सगळं घरच तसं म्हणायला लागलं.

या काल्याचा खरा राग होता तिच्या एकुलत्या एका लेकीला, वैशालीला. माजिवड्याला दुकानात नोकरी लागली तशी पहिल्या पगारात तिने गुलाबाच्या वासाचा साबण आणला, झाकणाच्या डबीसकट. "आई, हा माझा हां. तुझ्या काल्यात टाकलास ना, तर बघ!" मालन हसायची, पण त्या साबणाला कधी हात लावायची नाही.

गेल्या पावसाळ्यात वैशालीला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत पोर गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मालनने लेकीचे कपडे भाच्यांना देऊन टाकले. ती डबी तेवढी ठेवली. आत साबणाचा पातळसा तुकडा उरला होता.

"ताई, वास घ्या," एका दुपारी तिने माझ्यासमोर डबी उघडली. "अंघोळ करून अशीच यायची ना बाहेर?" आणि वास उडू नये म्हणून लगेच झाकण लावलं.

काला करणं तिने सोडूनच दिलं. जेवण करायची, पण चव बघायची नाही. मोरीत साबणाचे तुकडे साचत गेले. प्रभाकरने जन्मभर तिच्या काटकसरीची टिंगल केली, पण आता ते तुकडे बघून त्याचाच जीव कासावीस व्हायचा. बायकोने पुन्हा पहिल्यासारखं वागावं, एवढंच त्याला हवं होतं. एका रविवारी ती विहारात गेली आणि हा किसणी घेऊन बसला. घरातला तुकडा न् तुकडा शोधला. फळीवरच्या डबीतलाही. घरात कोण कुठला साबण लावतं, हे पुरुषांना कधी माहीत असतं? मला अजून त्याचा संताप येतो.

मालन परत आली तेव्हा मी दारात भाजी निवडत होते. गॅलरीभर गुलाबाचा वास सुटला होता. तिचा चेहरा क्षणभर उजळला. ती धावतच आत गेली, मी तिच्या मागे.

प्रभाकर साबणाने भरलेले हात घेऊन उभा. "बघ मालन, जमली की नाही? डिट्टो तुझ्यासारखी!" ओट्यावर ती डबी धुऊन पालथी घातलेली.

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. मी असते तर खाल्लं असतं. मालनने वडी हातात घेतली. "छान झालीय," ती म्हणाली. "पाणी जरा जास्त पडलंय."

मग माझ्या घरी येऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

"सांग ना त्याला!" मी चिडले.

"नको ताई. त्यांचीपण पोर होती ती. कळलं तर स्वतःला कधी माफ करायचे नाहीत."

परवा प्रभाकर अंघोळ करून गॅलरीत आला. डोळे लाल. "वहिनी, मोरीत गेलं की मला वैशूची लय आठवण येते. का, कळत नाय." मी भाजी निवडायला घेतली.

मालन मात्र त्या वडीला हात लावत नाही. वडी त्याला जास्त दिवस पुरावी म्हणून ती स्वतः कपड्यांच्या साबणाने अंघोळ करते.