खाडीकडच्या बाकाचे खासदार

नेरूळहून सारसोळ्याच्या खाडीकडे जाताना सिमेंटचा एक बाक लागतो. पाठीवर लाल अक्षरांत 'खासदार निधीतून'. फिरून आलो की आम्ही पाच निवृत्त माणसं रोज सकाळी त्यावर टेकतो. बाक आणला आमच्यातल्याच एकाने. दिघ्याच्या कारखान्यात फिटर होता. तो खासदारांच्या ऑफिसात गेला काय आणि दोन महिन्यांत बाक आला काय. तेव्हापासून त्याचं नावच पडलं, खासदार. "खासदार, सरका थोडं." की हा सरकणार.

माझ्या पोटात काय व्हायचं ते लिहू नये, पण लिहितो. जन्मभर सरकारी कचेरीत मसुदे लिहिलेला माणूस मी. याच बाकासाठी खासदारांना पहिला अर्ज मी केला होता. दोन पानी, विषय-संदर्भासकट. पोचसुद्धा नाही. आणि ज्याने आयुष्यात चार ओळी सरळ लिहिल्या नसतील, तो खासदार.

मग मी कोश काढला आणि एका सकाळी बाकावर तासच घेतला. विधानसभेत नाहीतर विधान परिषदेत बसतो तो आमदार, लोकसभेत किंवा राज्यसभेत बसतो तो खासदार. एवढा साधा फरक लोकांना कळत नाही, म्हणून मी हळहळलोसुद्धा. मग मुद्द्यावर आलो. जुन्या मराठीत खासदार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा मोतद्दार. खरारा करायचा, लीद काढायची. लीद या शब्दापाशी मी मुद्दाम जरा थांबलो.

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, कोनीतरी करायलाच पायजे ना ते काम. झालं, दुसऱ्या दिवसापासून त्याला जास्तच प्रेमाने खासदार म्हणू लागले.

मला राहवेना. परतताना त्याला एकटं गाठून ऐकवलंच, की बाकाचा अर्ज आधी माझा होता.

"म्हाईत आहे," तो म्हणाला. "तुमच्याच अर्जावर आलाय बाक."

तो ऑफिसात गेला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, याच जागेचा एक अर्ज आलाय, पण तो आमदारांकडे पाठवायच्या गठ्ठ्यात आहे. पाकिटावर पत्ता खासदारांचा. आत मात्र मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'प्रति, माननीय आमदार'. मजकुरात आणखी तीनदा तेच. याने बाईंकडून पेन घेतलं, चारही आमदार खोडले, वर खासदार लिहिलं आणि अर्ज साहेबांपुढे जाईपर्यंत तिथेच बसून राहिला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ते आमदारचं पन सांगायला लागलं असतं ना, साहेब. आनि त्या दिवशी तर तुमी आमाला शिकवत होता."

आता बाक माझा म्हणावं, तर ती चूक चौघांत सांगावी लागणार. गप्प राहावं, तर खासदार, खासदार ऐकत बसावं लागणार. मी गप्प राहिलो. पूर्वी त्याच्या नावाचा हेवा वाटायचा, आता त्याच्या गप्प बसण्याचाही वाटू लागला. तेही त्याला माझ्यापेक्षा बरं जमतं.

गेल्या सोमवारी मी उशिरा पोचलो. बाक भरलेला.

"खासदार, सरका जरा," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

तो सरकला. अजून थोडा सरकायला हवा होता, असं मला वाटलं.