पेन वर गेलं की हात मागे

आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहात उचलून फेकता येईल अशी एकही वस्तू आता उरलेली नाही, आणि प्रत्येक वस्तू जाण्यामागे कुणाचं ना कुणाचं डोकं फुटलेलं आहे. गटारांच्या ठरावाच्या दिवशी एक खुर्ची बांधकाम समितीच्या सदस्याच्या कानशिलावर बसली, तेव्हापासून खुर्च्या बोल्टने जमिनीला आवळल्या. कचरागाड्यांच्या विषयानंतर काचेचे पेले जाऊन कागदी कप आले. त्या दिवशीचे टाके मीच मोजले होते, अकरा. पुढे टेबलांवरचे माइक मुळापासून उपटून हाणामारीला वापरायला लागले, म्हणून तेही काढले. उरला एकच, लांब वायरचा. तो धरायला एक माणूस नेमला. त्याला सगळे स्टँड म्हणायचे.

मी इतिवृत्त लिहायचो. म्हणजे सभेचं ध्वनिमुद्रण ऐकून सगळं कागदावर उतरवायचो, आणि उतरवण्यासारखं नसेल तिथे 'गोंधळ' एवढा एकच शब्द लिहायचो. बावीस वर्षांत त्या एका शब्दात मी तीन मोडलेली नाकं, एक फाटलेला कान आणि अगणित आयाबहिणी कोंबल्या. त्याची लाज वाटायला मला फार उशीर लागला.

स्टँड उंच, काटकुळा, बोलायला कंजूष. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन इंच लांब झालाय अशी आम्ही त्याची थट्टा करायचो. त्याचे नियम दोनच. पहिला, माइक कुणाच्या हातात द्यायचा नाही, आपणच धरायचा, बोलणाऱ्याच्या तोंडापासून चार बोटांवर. फक्त एकदा त्याने तो दिला होता, एका निवृत्त गुरुजींना. गुरुजी म्हणजे सज्जन माणूस, काय करणार, असं त्याला वाटलं. गुरुजींनी पाणीपट्टीवर दोन वाक्यं बोलून तोच माइक अभियंत्याच्या तोंडावर हाणला आणि पुढचा दात पाडला.

दुसरा नियम, अध्यक्षांचं पेन वर गेलं की हात मागे. बोलणारा विधवा असो की वकील, वाक्य अर्धं राहो की शब्द. माइकमध्ये आलेला शब्द न् शब्द इतिवृत्तात घ्यावा लागतो आणि ते वरच्या कार्यालयात जातं. माइकबाहेर जे बोललं गेलं, ते झालंच नाही. एकदा असं मध्येच तोडलेल्या एका माणसाने स्टँडच्या थोबाडीत ठेवून दिली. गालावर पाच बोटं उमटली तरी हा माइक घेऊन मुकाट पुढच्या क्रमांकाकडे गेला.

"राग नाही येत रे?" मी विचारलं.

"येतो. पण हा हात माझा कुठंय? सभागृहाचा आहे."

त्याचा स्वतःचा आवाज आम्ही माइकवर ऐकला तो दर सभेआधी एकदाच. हॅलो, हॅलो, येतोय का आवाज.

मग बाजाररस्ता रुंद करायचा निघाला. नकाशावरची रेघ डाव्या हाताच्या दुकानांवरून गेली आणि त्यात स्टँडच्या थोरल्या बहिणीचं वेल्डिंगचं दुकान आलं. ताई आणि तिचा नवरा मिळून ते चालवायचे, गेटं, जाळ्या, जिने. तिने हरकत नोंदवली. सुनावणीच्या दहा दिवस आधी, भर दुपारी, दुकानासमोर एक करडी गाडी थांबली. चौघे उतरले. दुकानातलाच लोखंडी अँगल उचलून त्यांनी तिच्या नवऱ्याचे दोन्ही गुडघे फोडले आणि सुनावणीला येऊ नकोस म्हणून तिला बजावलं. पोलिसांनी 'अनोळखी इसम' लिहिलं. ताईने मात्र गाडीचा नंबर खडूने शटरवर लिहून ठेवला होता. ती गाडी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. रोज आमच्याच खिडकीखाली, अध्यक्षांच्या जागेवर उभी असायची.

सुनावणीच्या सकाळी सभागृहाच्या दारात तिने भावाला गाठलं. मी हजेरीवही घेऊन शेजारीच होतो.

"आज सगळं बोलणारे मी. गाडीसकट."

"ताई, दुकानापुरतं बोल ना. गाडीचं कशाला?"

"का?"

"भाऊजींचे गुडघे गेले. आता डोकं जायची वाट बघायची का?"

"तू फक्त माइक धर. बाकीचं मी बघते."

सभा सुरू झाली. श्रद्धांजलीचं एक मिनिट, मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, पथदिव्यांचे बल्ब. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचा विषय चाळीस मिनिटं चालला. एक सदस्य दुसऱ्याला म्हणाले, तुमच्यापासूनच मुहूर्त करू. त्यावर कॉलर धरली गेली, शर्टाची बटणं उडाली, मी वहीत 'गोंधळ' लिहिलं. हे सगळं रोजचंच. रोजचं नव्हतं ते गॅलरीत. जाड मानेची वीसेक माणसं येऊन बसली होती आणि एकाच्याही हातात क्रमांकाची चिठ्ठी नव्हती.

चौदावा क्रमांक ताईचा. भावाने तिच्यापुढे माइक धरला, बरोबर चार बोटांवर.

"माझी हरकत दुकानापुरती नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचे गुडघे फोडायला माणसं ज्या गाडीतून आली, ती गाडी आत्ता खाली उभी आहे. आणि ती गाडी..."

पेन वर गेलं. हात मागे आला.

त्याने ठरवून केलं नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. इतकी वर्षं वळण लागलेला हात, तो गेला. ताईचे ओठ हलत राहिले, पण गॅलरीतून आरडाओरडा उठला होता आणि एक अक्षर ऐकू आलं नाही. ती अध्यक्षांकडे बघत नव्हती, कठड्यावरून उड्या टाकणाऱ्यांकडेही नाही. ती भावाच्या हाताकडे बघत होती. तेवढ्यात एकाने मागून तिचे केस धरले आणि तिचं तोंड समोरच्या खुर्चीच्या पाठीवर आपटलं. एकदा, दोनदा. खुर्ची हलली नाही. ती हलू नये याचीच तर आम्ही सोय केली होती.

अध्यक्ष "तहकूब, तहकूब" म्हणाले. पण ते स्वतः उठून गेल्याशिवाय मुद्रण बंद करायचं नाही असा नियम आहे, आणि ते उठले नव्हते. बघत बसले होते.

स्टँडने माइक स्वतःच्या तोंडाजवळ नेला. सवयीने आधी म्हणाला, "हॅलो, हॅलो." मग म्हणाला, "हरकत क्रमांक चौदा, पुढे. ती गाडी अध्यक्षसाहेबांची आहे."

ते सगळे ताईला सोडून त्याच्यावर तुटून पडले. त्याने गाडीचा नंबर सांगायला सुरुवात केली. पहिल्या आकड्याला पोटात लाथ बसली. दुसऱ्याला तो गुडघ्यांवर आला. एकाने त्याचं उजवं मनगट खुर्चीच्या लोखंडी हातावर ठेवलं आणि त्यावर बूट मारला. ते मोडल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्या सभागृहाने ऐकला. त्याने माइक डाव्या हातात घेतला आणि तिसरा आकडा सांगितला. मग डावं मनगट गेलं. माइक फरशीवर पडला तसा तोही त्याच्याशेजारी आडवा झाला, तोंड माइकला लावलं आणि चौथा आकडा सांगितला. मी तेव्हा टेबलाखाली होतो. लपवून काय उपयोग, होतो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, तिथे नेहमीसारखं गोंधळ लिहा. मी मुद्रण सात वेळा ऐकलं. ठोसा, आकडा, ठोसा, आकडा. तिसऱ्या दिवशी सगळं अक्षरशः टाइप केलं, बहिणीचं अर्धं वाक्य आणि भावाचं अर्धं एकाच हरकतीखाली घातलं आणि मुद्रणासह वर पाठवून दिलं. गाडी जप्त झाली. अध्यक्ष आधी आत आणि मग जामिनावर बाहेर. रस्त्याची रेघ तूर्त थांबली आहे. माझी बदली कुत्र्यांच्या नोंदणीत झाली. तिथे जे चावतात ते निदान उघडपणे चावतात.

मी इस्पितळात गेलो तेव्हा भाऊजी आणि स्टँड शेजारशेजारच्या खाटांवर होते. एकाचे पाय प्लास्टरमध्ये, दुसऱ्याचे हात. ताईच्या कपाळावर टाके होते, ओठ सुजलेला. ती वाटीतलं सूप घेऊन भावाच्या उशाशी बसली होती. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "हात आपोआप गेला गं."

तिने चमचा भरला आणि त्याच्या तोंडासमोर आणला, चार बोटांवर. त्याने तोंड उघडलं. तिने चमचा मागे घेतला.

तो तसाच आ वासून राहिला. भाऊजींनी मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, हा आता रडणार.

"कसं वाटतं ते कळलं?" ताई म्हणाली.

"कळलं."

मग तिने चमचा पुन्हा पुढे केला, आणि वाटी रिकामी होईपर्यंत एकदाही हात मागे घेतला नाही.