किल्ल्यासाठी उचललेला दगड

सौदीतल्या खमीस मुशैतहून आम्ही भल्या पहाटे निघालो तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता ठरवून टाकलं होतं की आपली गाडी जिझानपर्यंतच न्यायची आणि पुढे बोटीवर दाऊदभाईंची गाडी चढवायची. कारण काय, तर बोटीत चढताना गाडी घासते. दाऊदभाईंची घासली तर चालते. हे मी बोलून दाखवलं, तर म्हणाला, "अगं, ते आपलेच आहेत."

आपलेच म्हणजे कसे, ते सांगते. दाऊदभाई हर्णैचे. जिझानमध्ये त्यांनी अर्धं आयुष्य गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काढलं. मी खमीसला एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर धरली म्हणून ते माझ्याकडे आले आणि मला मराठी येतं हे कळल्यावर कंबर विसरून तासभर बोलत बसले. तेव्हापासून आमच्या घरी जिझानचा मासा यायला लागला. आता त्यांचा खुरूज (कायमचं मायदेशी परतण्याचा परवाना) लागला होता. दुकान दुसऱ्याकडे गेलं होतं, सामान बांधून झालं होतं, हर्णैला नातवंडं वाट बघत होती. "इतकी वर्षं इथं राहिलात नि फरसान नाय बघितलात? मी जायच्या आधी दावतो," असं त्यांनीच आग्रहाने सांगितलं. फरसान हा जिझानसमोरच्या समुद्रातला बेटांचा समूह आहे. त्याचा बराचसा भाग अभयारण्य आहे. नाव ऐकून पुण्याच्या नणंदेने फोनवर चिवड्याची चौकशी केली, ते सोडा.

खमीसची थंड हवा मागे टाकून रस्ता ढिलाच्या अकब्यातून (घाटातून) खाली उतरतो. बोगद्यामागून बोगदे, आणि कठड्यावर माकडांची कुटुंबं ऐसपैस बसलेली. लोक गाडी थांबवून त्यांना पाव फेकतात. शिरीषने आमच्या रेवाला, वय अकरा, त्यावर लांबलचक प्रवचन दिलं. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, जिथली वस्तू तिथेच शोभते, वगैरे. ती "ओके बाबा, आय गेट इट" म्हणून खिडकीला टेकून झोपली. घाट संपला आणि खिडकीतून ओलसर, खारी, चिकट हवा आत आली. कोकणात पाऊल टाकल्यासारखं वाटलं.

दाऊदभाईंनी बंदराजवळच्या एका साध्या हॉटेलात नाश्ता मागवला. मर्सा नावाचा पदार्थ आला. गरम भाकरीत केळी कुस्करून वर तूप आणि मध. शिक्रणीत पोळी कुस्करावी तशी चव. रेवाने वाडगा पुसून खाल्ला. दाऊदभाई तिच्याकडे बघून म्हणाले की माझी नात एवढीच आहे, तिला मी फक्त फोनमध्ये मोठी होताना बघितलंय.

बोट सरकारी, तिकीट नाही, पण आधी नोंदणी करावी लागते. चढण्यापूर्वी माणसांची, सामानाची, गाड्यांची कसून तपासणी होते. दाऊदभाईंनी गाडीची डिकी स्वतः उघडून दाखवली. त्यांचं सगळं आयुष्य अशी डिकी आणि इकामा (राहण्याचा परवाना) दाखवण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांच्या हाताला त्याची सवय होती. समुद्र शांत होता. दाऊदभाई सगळा वेळ कठड्याशी उभे होते.

बेटावर उतरल्यावर आधी वादी मतर. उजाड, दगडाळ जमीन, अधूनमधून बाभळीसारखी काटेरी झाडं, आणि मध्येच प्रचंड चिरे. कुणीतरी डोंगर सोलून रचून ठेवल्यासारखे. काही उभे, बरेचसे कोसळलेले. दक्षिण अरबस्तानातल्या जुन्या राजवटीच्या काळातलं हे ठाणं असावं असं म्हणतात. काही दगडांवर त्या काळची लिपी कोरलेली दिसते, सरळ उभ्या रेघांची आणि वर्तुळांची. मी एका अक्षरावरून बोट फिरवणार होते, तेवढ्यात दाऊदभाई खाकरले. मी हात मागे घेतला.

आणि मग शेजारच्याच चिऱ्यावर खडूने, रंगाने, खिळ्याने लिहिलेली नावं दिसली. अरबीत, इंग्रजीत, आणखी दोन-तीन लिप्यांत. फलाणा आणि फलाणी, मध्ये बदाम. शिरीषचा पारा चढला. तो पुण्याला असताना दर पावसाळा संपला की गड साफ करायला जायचा, भिंतींवरची नावं घासून काढायचा. त्याने मोठ्याने सांगितलं की असल्या माणसांचे हात कलम केले पाहिजेत. मलाही संताप आला होता. खोटं का बोलू, मला त्या क्षणी नवऱ्याचा अभिमानही वाटला. फोटो काढतो म्हणून तो मागे राहिला आणि आम्ही गाडीकडे निघालो.

तिथून पुढे किनारा. पाणी असं की घोट्यापाशी फिरणारे मासे मोजावेत. एका बाजूला खाडीत कांदळवन. गंमत म्हणजे इकडेही कांदळाला कंदल म्हणतात. दाऊदभाईंनी ते सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःच्या मालकीची वस्तू दाखवल्याचा आनंद होता. वाटेत दोन हरणं झुडपामागून आमच्याकडे बघत उभी राहिली आणि आम्ही थांबताच पसार झाली. वाळूवर मात्र सहलीवाल्यांनी टाकलेले पाण्याच्या बाटल्यांचे आणि फॉइलच्या ताटांचे ढीग. मी चरफडत पिशवीभर कचरा गोळा केला. अभयारण्याची पाटी वाचायला येते, पण ताट उचलायला येत नाही, अशी माणसं जगात सगळीकडे सारखीच.

बाजारातून आणलेला नाजिल (लालसर रंगाचा, खडकातला मासा) दाऊदभाईंनी तळून घेतला होता. भात, मासा, लिंबू, चटई. जेवून रेवाने शिंपले वेचले, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं. इथला शिंपलासुद्धा न्यायचा नाही, बंदरावर तपासतात, असं समजावून तिच्याकडून एकेक शिंपला पाण्यात सोडवला. शिरीष शेजारीच बसला होता. त्याने हे ऐकलं. मी मुद्दाम लिहून ठेवतेय की त्याने हे ऐकलं.

परतीच्या बोटीसाठी रांग लागली होती. तपासणीवाल्या शिपायाने दाऊदभाईंच्या गाडीची डिकी उघडायला लावली. चटई, माशाचा डबा, आमचे ओले टॉवेल. एक टॉवेल त्याला जड लागला. त्याने तो उलगडला. आत वीतभर लांबीचा दगड. त्याच्यावर दोन अक्षरं, उभी रेघ आणि वर्तुळ.

मला दगड ओळखायला वेळ लागला नाही, आणि शिरीषचा टॉवेल ओळखायला तर अजिबात नाही. दर दिवाळीला आमच्या बाल्कनीत किल्ला होतो. पोत्यातली माती, मोहरी पेरून केलेलं गवत, नागपूरहून मागवलेले मावळे. खमीसमधल्या मराठी मंडळींमध्ये किल्ल्यांची स्पर्धा असते आणि शिरीष ती चढाओढीने खेळतो. "यंदा पायथ्याला अस्सल जुना चिरा पाहिजे," असं तो महिनाभर म्हणत होता. मला वाटलं होतं, रस्त्याकडेचा एखादा दगड आणेल. किल्ल्याची भिंत घासून साफ करणारा हा माणूस, दुसऱ्याच्या किल्ल्याचा दगड उचलून स्वतःच्या खेळण्यातल्या किल्ल्याला लावणार होता. यापेक्षा निर्लज्ज काही मला सुचत नाही.

शिपायाने गाडी कुणाची विचारलं. दाऊदभाईंनी इकामा दिला. त्याने दगड कुणाचा विचारलं. दाऊदभाईंनी शिरीषकडे बघितलं. मीही बघितलं.  तो समुद्राकडे बघत होता.

"हग्गी," दाऊदभाई म्हणाले. माझा.

मी त्यांचा हात धरला. काय बोलताय हे, असं मराठीत विचारलं. गुन्हा नोंदला तर खुरूज अडकेल, चौकशी संपेपर्यंत देश सोडता येणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"गाडी माजी हाय वहिनी, तर सामान पण माजाच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "साहेबांची नोकरी हाय. पोरीची शाळा हाय. माजा तर खलास झालाच हाय इथला."

पाहुण्याला उघडं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. तिच्यापायी ते नातवंडांकडे जायची वाट बंद करून घ्यायला तयार होते, आणि माझा नवरा त्यांना ते करू देत होता. मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. माझं अरबी म्हणजे दवाखान्यातलं. कुठे दुखतं, हात वर करा, हळू वाका. त्यात होते तेवढे शब्द गोळा केले आणि शिपायासमोर उभी राहिले.

"हादा हग्ग जौजी," मी शिरीषकडे बोट दाखवून म्हटलं. हे माझ्या नवऱ्याचं आहे.

शिपायाने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघितलं. मग त्याने शिरीषलाच इंग्रजीत विचारलं. शिरीषने होकारार्थी मान हलवली. 

आमची बोट आमच्यादेखत निघून गेली. अभयारण्याचा एक अधिकारी आला. आवाज न चढवता त्याने आम्हाला त्याच गाडीतून परत वादी मतरला नेलं. दगड कुठून उचलला ते शिरीषने दाखवायचं आणि स्वतःच्या हाताने ठेवायचा. दुपार कलली होती, तरी ऊन भाजत होतं. दगड ठेवून तो उठला तेव्हा त्याच्या पॅंटच्या गुडघ्यांना माती लागलेली होती. पुन्हा असं करणार नाही असा तअह्हुद (लेखी हमी) त्याच्या नावाने झाला. दाऊदभाईंचं नाव त्यात कुठेही नाही, हे मी दोनदा विचारून खात्री केली. मी सोडतोय हे तुमचं नशीब, एवढंच अधिकारी शेवटी म्हणाला.

शेवटच्या बोटीवर जागा मिळाली.  मग रेवाने हिंदीत विचारलं, "दाऊद अंकलने झूठ क्यूँ बोला?" शिरीषने तिला पाण्याची बाटली दिली. मी सांगितलं, बाबांनी खरं बोलायला उशीर केला म्हणून. शिरीषला ते झोंबलं. घाट चढताना तो म्हणाला की तू चारचौघांत माझी अब्रू काढलीस. मी म्हटलं, ती टॉवेलात होती, मी फक्त टॉवेल कुणाचा ते सांगितलं. 

दाऊदभाई ठरल्या दिवशी गेले. विमानतळावर मी गेले होते, शिरीषला काम निघालं. दिवाळीत रेवाने किल्ला करायला नकार दिला आणि मी तिला आग्रह केला नाही. मातीचं पोतं बाल्कनीत अजून तसंच आहे. भाऊबिजेला हर्णैहून फोन आला. मागे नातीचा आरडाओरडा चालू होता. दाऊदभाई म्हणाले, "वहिनी, सुट्टीत या. होडीतून सुवर्णदुर्ग दावतो. साहेबांना पण आणा, फक्त येताना त्यांची पिशवी तपासून आणा." फोन स्पीकरवर होता. शिरीष मोकळेपणाने हसला, सगळं मिटल्यासारखा. दाऊदभाईंनी माफ केलं असेल, तो त्यांचा मोठेपणा. मी हसले नाही.

पाहुणे आले की हल्ली शिरीष फरसानबद्दल भरभरून बोलतो. समुद्राचा रंग कुठे हिरवा होता, कुठे निळा, कांदळापाशी पाणी कसं गढूळ होत जातं, सगळं त्याला बारकाईने आठवतं. आठवणारच. दाऊदभाई त्याचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेत होते, तेव्हा तो समुद्रच बघत उभा होता.