दूकेसाठी बांधून द्या

ब्रेन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत सोइला बारेनेचेआच्या तोंडी लागण्यापेक्षा लोक वळसा घालून जात. चाळीस वर्षं तिनं बाजारात बटणं, चेन आणि दोरे विकले. गिऱ्हाइकाला दोन बटणं देताना ती चार बातम्या काढून घ्यायची, आणि त्यातल्या तीन संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचलेल्या असायच्या. चौथी खोटी निघायची. खाटकाचं तिसरं लग्न झालं तेव्हा चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "नवरी दर वेळी नवी, कोट मात्र तोच. कोटाशीच लावून टाका एकदा!" खाटकानं वर्षभर तिला हाडं जास्त आणि मांस कमी तोललं, पण हसला तोही.

"मनात काही नसतं हो तिच्या," लोक म्हणायचे. "जे येतं ते बोलून मोकळी होते." सोइलालाही हे बोलणं आवडायचं. ऐकून ऐकून तिचा त्यावर विश्वासही बसला होता.

अशा या बाईची जिवाभावाची मैत्रीण कोण, तर ग्रिमानेसा. समोरासमोर दारं, मधे चार पावलांची गल्ली. ग्रिमानेसानं चौतीस वर्षं सरकारी शाळेत तिसरीला गणित शिकवलं. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. तिच्या हाताखाली दोनदा नापास झालेला वाणीसुद्धा. कॉलर इस्त्रीची, पाठ ताठ, आवाज खालचा. एक बोलायची थांबत नसे आणि दुसरी बोलायला सुरुवात करत नसे, म्हणून त्यांचं तीस वर्षं जमलं, असं लोक म्हणत. तसं नव्हतं. रात्री दोघी खिडक्या उघडून आपापल्या घरातून गप्पा मारायच्या, आणि सोइलाच्या विनोदांवर गल्लीत सगळ्यात आधी हसू यायचं ते बाईंच्या खिडकीतून.

रविवारी दुपारी दोघी 'काण्या कोंबड्या'त जेवायला जायच्या. नाव काहीही असो, पलीकडच्या तीन रस्त्यांत तशी कोंबडी नाही. काचेमागं लाकडी कोळशावर पन्नास कोंबड्या सळईवर गरगर फिरत असतात, चरबी थेंबाथेंबानं निखाऱ्यावर पडते आणि धूर असा सुटतो की बसथांब्यावरचा माणूस बस सोडून आत येतो. दोघींत मिळून अर्धी कोंबडी, ताटभर तळलेले बटाटे, हिरवी चटणी, पिवळी चटणी, जांभळ्या मक्याच्या सरबताचा एक जग. तंगडी सोइलाची. ती हातानं खायची, कोपरापर्यंत. छातीचा तुकडा बाईंचा. त्या काट्याचमच्यानं खायच्या, आणि बरोबर अर्धा खायच्या. मग हात पुसून वाढप्याला हाक मारायच्या.

"तोरिबियो, हे दूकेसाठी बांधून द्या."

दूके हा बाईंचा कुत्रा. पिवळट रंगाचा, एक कान पडलेला, स्वभावानं अतिशय आळशी. चार वर्षांपूर्वी तो बसखाली गेला.

तो गेला त्यानंतरच्या रविवारी बाईंच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "दूकेसाठी बांधून द्या." बोलल्या आणि मग त्यांना आठवलं. तोरिबियो पंचवीस वर्षं त्या खानावळीत वाढतोय. कुणाचा कुत्रा चार पायांचा आणि कुणाचा दोन पायांचा, त्याला पक्कं ठाऊक. त्यानं चांदीच्या कागदात पुडकं बांधलं, वर मूठभर बटाटे टाकले आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला सांभाळा हं." सोइलानं ताटात मान घातली. पुढच्या रविवारी तिनंच विचारलं, "दूके कसा आहे गं?"

"बरा आहे. म्हातारा झालाय," बाई म्हणाल्या.

बाईंच्या पेन्शनीत सोमवारचं जेवण कुठून यायचं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला समजत होतं. सोमवारी बाईंच्या खिडकीतून कोथिंबीर घातलेल्या भाताच्या सुपाचा वास यायचा. कुणी नाक वर करून बघायचं नाही. 'काण्या कोंबड्या'त असे कुत्रे पाळलेली आणखी सहा-सात माणसं होती: एक निवृत्त टपालवाला, दोन विधवा बहिणी, एक सॅक्सोफोन वाजवणारा. कुत्र्याचं नाव विचारावं, तब्येत विचारावी. याहून जास्त विचारू नये, असा तिथला रिवाज. भिंतीवर लिहिलेला नाही, पण दारू पिऊन आलेला माणूससुद्धा तो मोडत नसे.

जुलैचा तिसरा रविवार. भट्टीच्या कोंबडीचा दिवस, त्या दिवशी सगळा देश तीच खातो. रांग रस्त्यावर, बाहेर आमच्या हिवाळ्यातली बारीक भुरभुर, आत धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि गर्दी एवढी की एका टेबलावर दोन-दोन कुटुंबं. जेवणं उरकली होती. बाईंच्या हातात पुडकं होतं. तेवढ्यात चाळिशीची एक बाई नवऱ्याला ओढत टेबलाशी आली.

"बाई! ओळखलंत का? मी यानिना. तिसरीत खिडकीशी बसायचे."

"यानिना. भागाकारात बाकी लिहायला विसरायचीस," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला सोइलानं फार दिवसांत पाहिला नव्हता.

"आता दातांची डॉक्टर झालेय, बाई. तुमच्यामुळे! बघ हं," ती नवऱ्याला म्हणाली, "यांच्यामुळेच!" मग तिचं लक्ष पुडक्याकडे गेलं. "अय्या, कुत्रा पाळलाय? आम्हालाही घ्यायचाय. कोणत्या जातीचा आहे?"

"साधाच आहे," बाई म्हणाल्या. "गल्लीतला."

इथं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण टेबलाशी नवीन माणसं होती, शेजारची दोन टेबलं कान टवकारून होती, आणि सोइला चार वाक्यांपासून गप्प होती.

"साधा कसला!" ती म्हणाली. "जातिवंत मास्तर आहे तो! चष्मा लावतो, वर्तमानपत्र वाचतो आणि सोमवारी आपलं सूप आपणच करतो, कोथिंबीर घालून!"

शेजारच्या टेबलांवर हशा फुटला. टपालवाला हसला, सॅक्सोफोनवाल्याला ठसका लागला. यानिनाही हसली, मोकळेपणानं. मग तिनं पुडक्याकडे पाहिलं, बाईंच्या घासून पातळ झालेल्या बाहीकडे पाहिलं, आणि तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. डोळे भरून आले तिचे. तिनं तोरिबियोला हात केला. "या टेबलाचं सगळं बिल माझ्याकडे. आणि बाईंसाठी एक अख्खी कोंबडी बांधा. दोन बांधा."

"यानिना," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आपल्या जागेवर जाऊन बस."

दातांची डॉक्टर खाली मान घालून आपल्या जागेवर जाऊन बसली. नवराही बसला. खरं सांगायचं तर शेजारच्या टेबलावरचे उभे असलेले दोघेही बसले.

बाईंनी आपल्या वाट्याचे पैसे ताटाखाली ठेवले, रुमालाची घडी केली, कोट चढवला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडल्या. पुडकं टेबलावरच राहिलं.

"येईल," सोइला म्हणाली. "चार दिवस फुगेल आणि येईल. गंमत केली मी."

तोरिबियोनं ताटं उचलली. पुडकं उचललं नाही. "दोन्या सोइला," तो नेहमीसारखं मानानं 'दोन्या' लावून म्हणाला, "पंचवीस वर्षं मी इथं ताटं वाढतोय. तुमच्याइतकं मला कुणी हसवलं नाही. आज मात्र उठा आता, लोक उभे आहेत."

पुढच्या रविवारी बाई आल्या नाहीत. सोइला एकटी बसली, पाव कोंबडी मागवली. त्या दिवशी आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. टपालवाल्यानं खाऊन झाल्यावर ताट पुढं सरकवलं आणि तो तसाच उठला. अर्धी तंगडी ताटात. बहिणींनीही तसंच केलं. सॅक्सोफोनवाल्यानं तर हाड चाटून-पुसून कोरडं केलं, म्हणजे कुणाला काही शंकाच नको. तोरिबियो मांस लागलेली हाडं एकेक करून डब्यात टाकत होता. कुत्र्यांचं नाव कुणी काढलं नाही. तिचा विनोद मात्र सगळ्यांना पाठ झाला होता. ती दारातून शिरली तेव्हाच गल्ल्यावर पैसे घेणारी पोरगी म्हणाली होती, "दोन्या सोइला, तो मास्तरकुत्रा परत सांगा ना!"

सोइलानं सांगितला नाही. ते बहुधा पहिल्यांदाच.

समोरचं दार बंद असायचं. खिडकी बंद. मग सोइलाला वाटलं, गोडीगुलाबीनं घ्यावं. एका गुरुवारी सकाळी अकराला ती गरमागरम अख्खी कोंबडी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली. वास असा सुटला होता की तीन घरांची दारं उघडली. बाईंचं एवढंच उघडलं, साखळीपुरतं.

"माझं जेवण झालंय," बाई म्हणाल्या.

"अकरा वाजता?"

"आज लवकर जेवले."

दार लागलं. सोइला कोंबडी घेऊन चार पावलं चालत घरी आली, आणि दारं उघडून बघणाऱ्यांपैकी कुणी तिची थट्टासुद्धा केली नाही. थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं तिला.

ऑगस्ट गेला. सप्टेंबरात एका दुपारी सोइला गल्लीत ओटा धूत होती, तोच समोरची साखळी काढल्याचा आवाज झाला. दार पुरतं उघडलं. बाई उंबऱ्यावर उभ्या. इस्त्रीची कॉलर, केस नीट विंचरलेले, जणू शाळेत निघाल्या आहेत.

"सोइला, इकडे ये."

सोइला हात न पुसताच गेली. "अगं, माझी जीभ कापून टाक हवी तर. खाटकाकडून सुरी आणते. तो तर आनंदानं देईल."

बाई हसल्या नाहीत. पण रागावलेल्याही दिसल्या नाहीत, थकलेल्या दिसल्या.

"मला एकच सांग. चार वर्षं दर रविवारी तू विचारायचीस, दूके कसा आहे. मला वाटायचं, माझी लाज राखते आहे ही. घरी येऊन मी त्या विचारण्यावर सोमवार काढायचे, सुपावर नाही. आता रात्री पडल्यापडल्या मनात येतं, ही लाज राखत होती, की हशा साठवत होती? ते वाक्य तुला त्या दिवशी सुचलं, की आधीच सुचलं होतं?"

सोइलानं तोंड उघडलं. उत्तर जिभेवरच होतं: त्या दिवशीच गं, निसटलं तोंडातून. मनात काही नसतं माझ्या, सगळी गल्ली सांगेल. एवढं म्हणायचं आणि दोघी रविवारी जाऊन बसणार होत्या. आतल्या मेजावर दोन कप मांडलेले तिला उंबऱ्यावरून दिसत होते.

पण समोर बाई होत्या. खोटं उत्तर लिहिलं तर वहीवर फुली मारणाऱ्या. आणि वाक्य त्या दिवशीचं नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी एका सोमवारी, आपल्याच स्वयंपाकघरात, समोरचा वास नाकात शिरल्यावर सुचलं होतं ते. एकटीच हसली होती ती, भांडं हातात धरून. आधी नुसता चष्मा होता. मग वर्तमानपत्र आलं. घासूनपुसून ठेवलं होतं तिनं, नव्या बटणासारखं, चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत. दर रविवारी दूकेची चौकशी करताना ते जिभेखाली असायचं. आणि चौकशीही मनापासूनची होती. दोन्ही खरं होतं. हे कुणाला समजावून सांगायचं कसं, हे मात्र तिला चाळीस वर्षांच्या बडबडीत कधी शिकावं लागलं नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी," सोइला म्हणाली. मग, का कोण जाणे, पुढं म्हणाली, "कोथिंबीर मागाहून घातली."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. सोइलानं ते पाहिलं. ती आजही शपथेवर सांगेल की ते हसू होतं. पण ते आलं तसं आत गेलं.

"खरं बोललीस," बाई म्हणाल्या. "ठीक आहे."

आणि दार लागलं. साखळीचा आवाज झाला.

आता दोघी बोलत नाहीत असं नाही. गल्लीत गाठ पडली तर बाई म्हणतात, "हवा दमट आहे आज." सोइला म्हणते, "दमट आहे खरी." यानिना महिन्यातून एकदा येते, बाईंना गाडीत बसवून आपल्या घरी जेवायला नेते, बाई जाताना वह्यांचा गठ्ठा नेतात, कारण तिच्या मुलीला भागाकार येत नाही. शिकवायला जाते, जेवायला नाही, असं त्या वाण्याला सांगतात, आणि वाणी मान डोलावतो.

सोइलाला फार उशिरा एक गोष्ट कळली. जी बाई साखळी काढून, कप मांडून, कॉलर नीट करून उंबऱ्यावर येते, ती खरं ऐकायला आलेली नसते. चौतीस वर्षं फुल्या मारलेल्या त्या हातांनी त्या दुपारी एक चुकीचं उत्तर बरोबर धरायचं ठरवलं होतं. फक्त ते कुणीतरी द्यायला हवं होतं.

कधी कधी संध्याकाळी आरशासमोर केस विंचरताना सोइला ते म्हणून बघते. "त्या दिवशीच सुचलं गं. तोंडातून निसटलं." सहज जमतं तिला, अगदी खऱ्यासारखं, डोळे न हलवता. मग ती खिडकीपाशी येऊन थोडा वेळ उभी राहते, आणि हवा दमट आहे का ते बघते.