सरासरीखालचे साडूभाऊ

या जगात कुठलीही गोष्ट नुसतीच चांगली किंवा नुसतीच वाईट असू शकते, हे आमच्या साडूभाऊंना मुळात मान्यच नव्हतं. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे नागपूरचे, आता घर इकडे परदेशात मिल्टनला, आणि नॉर्थ यॉर्कला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत बेसबॉलशिवाय दुसरं बोलत नाहीत म्हणून बिचारे बेसबॉल शिकले, आणि शिकले ते असे, की शिकवणारे टेबल बदलून बसू लागले.

खेळ त्यांनी कधी धड पाहिला नाही. बॉल हवेत असायचा तेव्हा यांचं डोकं लॅपटॉपमध्ये. एखाद्या बॅटरने उभ्या कारकिर्दीत किती हिट मारले, हे त्यांच्यापुढे कौतुकाने बोलायची सोय नव्हती. "नुसत्या आकड्यानं काय समजते बापा? त्या काळात अख्खी लीगच धो धो मारत होती! लीगचं ॲव्हरेज काढा, मग बोला." उलट कुणीतरी रडतखडत खेळलेला, लोक विसरून गेलेला बॅटर ते हुडकून काढत, त्याच्या काळातले पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, किती भयंकर होते ते सांगत, आणि त्याला न्याय मिळवून दिल्याच्या समाधानात चहा पीत. हाच न्याय घरीदारी चाले. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माझ्या बायकोचा उपमा खाऊन ते म्हणाले, "आजच्या फील्डमध्ये अबव्ह ॲव्हरेज आहे." बायको त्यांच्यावर चिडली नाही, माझ्यावर चिडली. त्यांच्या मुलीने गणितात छान मार्क आणले, की हे वर्गाचं ॲव्हरेज विचारत. "डॅड, कॅन यू जस्ट से गुड जॉब?" ती म्हणे. साडूभाऊ मान डोलावत आणि पुन्हा ॲव्हरेज विचारत.

त्यांचा मॅनेजरही बेसबॉलवेडा. एके दिवशी त्याने विचारलं, आपल्या टीममधल्या माणसांना असंच मोजता येईल का? कशासाठी, हे साडूभाऊंनी विचारलं नाही. त्या ऑफिसात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या नादाची कदर केली होती. सुट्टीचे दिवस खर्ची घालून त्यांनी पद्धत बसवून दिली. कुणी किती चुका पकडल्या, आणि त्या टीमच्या सरासरीच्या वर की खाली. मग मंदी आली. सरासरीखालच्यांना काढून टाकलं, त्यात साडूभाऊ होते.

त्या मॅनेजरचा मला आजही संताप येतो. साडूभाऊंचा तर त्याहून जास्त आला होता. मी भेटायला गेलो, तर हे बेसमेंटमध्ये स्वतःचाच हिशेब पुन्हा तपासत बसलेले. "कॅल्क्युलेशन करेक्ट आहे हो," ते म्हणाले. "मी खरंच बिलो ॲव्हरेज आहो."

मी ओरडलोच. "अहो, त्या नव्या पोरांना काम कुणी शिकवलं? स्वतःचं काम बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी कोण बसत होतं? टीमचं ॲव्हरेज वर नेलंत ते तुम्हीच!"

साडूभाऊंनी स्क्रीनवरचा हिशेब वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिला. "हे तर मी धरलंच नाही," ते म्हणाले. आणि मग लॅपटॉप मिटत, "त्यांच्यातल्या कोणाचा फोन नाही आला बरं का."

वरून ताईंनी जेवायला हाक मारली. साडूभाऊ उठले, दोन पायऱ्या चढले आणि मागे वळून मलाच समजावू लागले, "पोरं बिझी असतील. लेऑफचं त्यांनाही टेन्शन असते ना." इतकं झाल्यावरही त्या पोरांची बाजू घेणारा हा एकच माणूस होता. मला भरून आलं, आणि त्या प्रत्येकाला फोन करून सणसणीत शिव्या द्याव्यात असंही वाटलं. पण माझ्याकडे त्यांचे नंबर नव्हते. साडूभाऊंकडे सगळ्यांचे होते.