जत्रेचं मटण आणि वाळकी बाभूळ

जत्रेच्या मटणाला गॅस लावायचा नाही, असा आत्यांचा कायदा होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वडूजकडच्या आमच्या गावात त्यांच्या चुलीवरच्या रश्श्याचं नाव होतं आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पाहुणे देवाला नारळ घाईघाईत फोडायचे आणि पंगतीला निवांत बसायचे. रश्श्याला निखारे मात्र बाभळीचेच हवेत. त्यासाठी बांधावरची वाळलेली बाभूळ वर्षभर राखून ठेवली होती.

जत्रा आठ दिवसांवर आली आणि त्याच बाभळीत मला ढोली दिसली. आत चिरचिर चालली होती. थोड्या वेळानं चोचीत किडे घेऊन एक ठिपक्याठिपक्यांचा पक्षी आला, कपाळ पिवळं, मागं लाल तुरा. मराठा सुतार! शाळेत मी मुलांना त्याचं चित्र दाखवते, पण खराखुरा सुतारपक्षी आमच्या शिवारात कित्येक वर्षांत दिसला नव्हता. दिसणार कुठून? त्याला घर कोरायला वाळकं लाकूड लागतं आणि आमच्याकडं वाळकं झाड दिसलं की माणसाचा हात आधी कुऱ्हाडीकडं जातो. आता साऱ्या शिवारात हे एकच खोड उरलं होतं. पिल्लं उडायला अजून दोनेक आठवडे तरी लागणार होते. त्या दिवशी मला अन्न गोड लागेना.

आत्यांना खरं सांगायचा धीर होईना. शेवटी मी अक्कल चालवली.

"आत्या, त्या बाभळीच्या ढोलीत नाग हाय. तिकडं नका जाऊ."

"अगं बया! मग आजच तोडायची. आपली शेरडं चरत्यात की तिथं!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आत्या कुऱ्हाड घेऊन तरातरा निघाल्या. मी मागून धावले आणि बांध येईपर्यंत सगळं कबूल करून टाकलं.

"पोरांना शाळा शिकवतीस आन् घरात खोटं बोलतीस व्हय गं?"

तेवढ्यात नर चोच भरून आला. ढोलीतून दोन उघड्या चोची बाहेर आल्या. तो गेला तशी मादी आली. आत्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत राहिल्या, चांगला अर्धा तास. मग म्हणाल्या, "लय खादाड हायती गं," आणि घराकडं वळल्या. कुऱ्हाड त्यांनी परत कोपऱ्यात ठेवून दिली.

जत्रेला मटण गॅसवर शिजलं. खरं सांगते, बेचव झालं होतं. पहिल्याच घासाला आत्यांच्या धाकट्या भावानं मान वर केली. दरसाल ते त्या रश्श्यासाठीच मुक्कामाला यायचे.

"आक्का, औंदा काय झालं रश्श्याला?"

सगळी पंगत आत्यांकडं बघायला लागली. त्यांचं इतक्या वर्षांचं नाव माझ्यापायी गेलं, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

आत्यांनी वाढता हात थांबवला नाही. "माझ्या बाभळीत बाळंतीण हाय रं. तिचं घर जाळून तुला जेवू घालू व्हय?"

मामांनी रश्श्यासाठी वाटी पुढं केली.

बाभूळ अजून उभी आहे. दरसाल जत्रेआधी आत्या एकट्याच बांधावर जाऊन ढोली बघून येतात. मटण आता गॅसवरच होतं आणि अजूनही बिघडतं.