अश्विनातला मार

चांद्यात अश्विन लागला की इसरू सरदाराचा मार सुरू व्हायचा. एरवीही त्याचा हात सैलच होता, पण एरवीच्या माराला निदान काहीतरी निमित्त शोधावं लागायचं. अश्विनात निमित्त रोज सकाळी आपल्या पायांनी चालून यायचं.

चांदा म्हटलं की लोकांना वैशाख आठवतो. पेपरात या शहराचं नाव येतं तेही वैशाखातल्या पाऱ्यामुळं. अश्विनाची दखल कोण घेणार? पण एकोणीसशे बावन्न-त्रेपन्नच्या काळात नदीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत ज्यांनी घाम गाळला, त्यांना वैशाखाचं काही वाटायचं नाही. त्यांना धास्ती असायची ती अश्विनाची. पाऊस ओसरलेला, धान गर्भाला आलेलं, पहाटे गोधडी सोडवू नये असा गारवा आणि दुपारी डोकं फुटेल असं ऊन. खाणीच्या कचेरीच्या व्हरांड्यात फारेनहाइटची एक नळी टांगलेली होती. पहाटे तिच्यातला पारा सत्तरच्या आसपास पेंगत असायचा, दुपारी नव्वद ओलांडून पंचाण्णवला भिडायचा आणि दिवेलागणीनंतर पुन्हा उतरायला लागायचा. शहरातल्या बाकी लोकांना या चढउतारानं फार तर सर्दी व्हायची. खाणीतल्या माणसांचा जीव जायचा.

त्याचं असं होतं. खाणीला दोन तोंडं होती. एक खाली नदीच्या अंगाला, तिथून उतारावरून माणसं आणि कोळशाचे टब, म्हणजे रुळांवरच्या लोखंडी गाड्या, आत-बाहेर करायचे. दुसरं वर टेकाडावर, त्याला हवेची विहीर म्हणायचे. पंखा नव्हता. मालक लांब शहरात राहायचा आणि त्याचा श्वास काही पंख्यावाचून अडत नव्हता. आतली हवा बारा महिने सारखीच कोमट, ऐंशीच्या जवळपास. बाहेर गार असलं की आतली ऊबदार हवा विहिरीतून वर निघून जायची आणि ताजी हवा खालच्या तोंडानं आत शिरायची. बाहेर तापलं की सगळं उलटं, ताजी हवा विहिरीतून उतरायची. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वारं बहुतेक एकाच अंगाला वाहायचं, पावसाळ्यात विहिरीत गळणारं पाणीच त्याला खाली ओढायचं. अश्विनात मात्र रोज सकाळी, भाजीबाजार भरायच्या सुमाराला, बाहेरचा पारा आतल्या हवेच्या बरोबरीला यायचा; रात्रीही यायचा, पण तेव्हा खाण रिकामी असायची. मग हवा आतही यायची नाही आणि बाहेरही जायची नाही. ती जागच्या जागी थांबायची, आणि आतल्या गल्ल्यांच्या, म्हणजे कोळसा खोदलेल्या बोगद्यांच्या, सखल टोकांना खराब हवा साचत जायची.

यात गुपित असं काही नव्हतं. मॅनेजरपासून टब ढकलणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं, आणि त्या वेळेला माणसं वर काढायची असा हुकूमच होता. पण हुकूम कागदावर असतो आणि माणूस गल्लीत. थांबलेल्या हवेत माणसाला उठावंसंच वाटत नाही. पाय जड होतात, डोकं हलकं होतं, मोहाची घेतल्यासारखं बरं वाटायला लागतं. कुणी चल म्हटलं की आधी राग येतो, मग हसू येतं. अशा माणसाशी बोलत बसणं म्हणजे दोघांनी मिळून मरणं. इसरूनं सरदार, म्हणजे पाळीचा मुकादम, झाल्यावर पहिल्याच वर्षी बोलणं सोडलं आणि तिवसाच्या लाकडाचा एक सोटा तासून घेतला.

तो सोटा पाठीवर पडायचा, पोटऱ्यांवर पडायचा, आणि माणूस तरीही हलला नाही तर कानफटात पडायचा. कुणाचे केस धरून त्यानं उतारावरून फरफटत नेलं, कुणाचं मनगट मोडलं, एकाच्या भुवईची कातडी लोंबायला लागली. वर आल्यावर दोन श्वास छातीत गेले की तीच माणसं शुद्धीवर येऊन त्याच्या आईबहिणीचा उद्धार करायची. उपकार कुणी मानले नाहीत. इसरूलाही ते नको होते. खरं सांगायचं तर त्याला मारायला आवडायचं, आणि अश्विनात त्याची आवड आणि त्याचं काम यांची गाठ पडायची, एवढंच.

उगाच त्याला देवमाणूस करण्यात अर्थ नाही. घरी खराब हवा नव्हती, तरी तिथं मार होताच. बायको शकुबाई भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मार खायची आणि कमी झालं म्हणूनही खायची. एकदा त्यानं तिला चुलीतल्या जळत्या लाकडानं हाणलं, तेव्हा मुलगी गुणा मध्ये पडली आणि तिच्या दंडावर कायमचा डाग राहिला. शकुबाई तापानं गेली, तेव्हा तिला न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी तिची पाठ बघून एकमेकींकडं पाहिलं. त्या रात्री इसरू पुष्कळ रडला. रडला हेही खरंच आहे, पण शकुबाईला त्याचा काय उपयोग?

गुणाचं लग्न झालं ते खाणीतल्याच सुकलूशी. पोरगा अंगानं दणकट, हसरा आणि तोऱ्याचा. आता जावई म्हणजे पाय धुवायचा माणूस, आमच्याकडं सासरा जावयाच्या पाया पडतो. पण लग्नानंतरच्या पहिल्याच अश्विनात सुकलू गल्लीत बसून राहिला, आणि इसरूनं सगळ्या पाळीसमोर त्याला केस धरून वर आणला. पायरीवर त्याचं तोंड आपटलं, पुढचे दात गेले. जावयाचे दात सासऱ्यानं पाडले ही बातमी दुपारपर्यंत शहरभर झाली.

सुकलूनं ती गोष्ट मनात धरली. दसऱ्याच्या बाजारात भाऊबंदांना घेऊन त्यानं इसरूला गाठलं, टबाच्या साखळीनं बडवलं आणि त्याचा एक कान अर्धा तोडला. इसरू रक्तानं भिजलेला धोतराचा सोगा कानाला लावून घरी आला तो कुऱ्हाडीला धार लावायलाच बसला. दोघांतला एक आता जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण चार गावकऱ्यांनी दोघांना आवरलं, वर्ष कसंतरी धुमसत गेलं, आणि पुढचा भाद्रपद सरता सरता गुणा बापाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला पाचवा महिना होता.

तिनं बापाचा उजवा हात धरला आणि आपल्या पोटावर दाबला.

"बा, इथी हात ठेवून आन घे," ती म्हणाली. "यायच्या अंगाले पुन्हा हात लावशील, तर हे पोटातलं तुह्या हातानं मेलं समज."

इसरूच्या तळव्याखाली काहीतरी हललं. आयुष्यभर ज्या हातानं फक्त फोडलं, त्याच्याखाली एक जीव हलला. त्यानं मान डोलावली, आणि सुकलूला हात न लावायची ती शपथ गुणानं पक्की धरली. घरी जाऊन तिनं सुकलूकडूनही तशीच शपथ घेतली.

त्यानंतरचे काही दिवस इसरूनं सुकलूच्या गल्लीत दुसऱ्याला पाठवलं. तो माणूस बोलावणं करायचा, आणि सुकलू शहाण्यासारखा वर यायचा. मग एक सकाळ अशी आली की तो दुसरा माणूस तापानं पडला होता आणि पहाटेचं धुकं नेहमीपेक्षा लवकर फाटलं. पारा झपाझप चढला. खाणीच्या तोंडाशी दिवे वाटणाऱ्या नूर मोहम्मदनं विडीचा धूर सोडून पाहिला. धूर आत गेला नाही आणि बाहेरही आला नाही, तोंडासमोरच लोंबत राहिला. त्यानं इसरूला हाक मारली.

इसरू सोटा घेऊन उतरला. पहिल्या गल्लीत दोघं भिंतीला टेकून गाणं म्हणत होते. त्यानं त्यांना पोटऱ्यांवर हाणत उठवलं. एकजण उलटून चावला, तेव्हा इसरूनं त्याचं डोकं खांबावर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा कुठं तो चालायला लागला. दुसऱ्या गल्लीतले तिघं जनावरासारखे हाकत त्यानं उतारापर्यंत आणले आणि त्यांना वर ढकललं. त्याच्या हातातल्या तेलाच्या दिव्याची ज्योत आता बोटाच्या पेराएवढी राहिली होती. मग तो सर्वांत खालच्या गल्लीत गेला.

सुकलू तिथं एकटा बसला होता, पाय पसरून, खांबाला पाठ लावून. त्याच्याजवळ नवा कारबाइडचा दिवा पांढराशुभ्र जळत होता. कारबाइड खराब हवेतही बराच वेळ जळतो, तेलाचा दिवा आधी विझतो. हे सुकलूलाही ठाऊक होतं, पण त्या हवेत ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत.

इसरूनं लांबूनच त्याला उठायला सांगितलं. सुकलूनं हसून आपल्या दिव्याकडं बोट केलं.

"माहा दिवा त मस्त जळून राह्यला, मामाजी. जा तुमी."

इसरूनं विनवलं. आयुष्यात कुणाची विनवणी न केलेला माणूस, त्याला शब्द तरी कुठले येणार? त्यानं गुणाचं नाव घेतलं, पोटातल्या लेकराचं नाव घेतलं. मग त्यानं जावयाच्या पावलांपुढं, त्यांना न शिवता, जमिनीवर डोकं टेकलं. सुकलूला याची फार गंमत वाटली.

"मारा ना," तो म्हणाला. "उचला हात. आन हाय ना पोटावरची?"

इसरूनं सोटा उचलला. त्याचा खांदा, दंड, मनगट सगळं तयार होतं. सगळ्या जन्माची सवय त्या एका हातात गोळा झाली होती. एक फटका, मग केस, मग उतार, एवढंच काम. आणि तळव्याखाली ते पोट हललं. त्याला खरंच जाणवलं. त्याचा हात खाली आला.

तेवढ्यात त्याच्या दिव्यानं प्राण सोडला. त्यालाही कुठूनतरी हसू येत होतं, आणि त्या हसण्याचीच त्याला भीती वाटली. शपथ आपल्या हाताची आहे, दुसऱ्याच्या हाताची नाही, हे त्याला सुचलं. दुसरा कुणी येऊन मारील. तो भिंत चाचपत वळला आणि उताराकडं धावला, पडला, पुन्हा उठला. मागून सुकलूचं हसणं ऐकू येत होतं. हसतोय म्हणजे जिता आहे, असं तो मनाशी म्हणत राहिला.

वर ज्यांना त्यानं झोडपून काढलं होतं ती माणसं धापा टाकत पडली होती. कुणी पुन्हा खाली जायला तयार होईना. इसरू त्यांच्या पाया पडला, त्यांच्यातल्या एकानं त्याच्या छातीत लाथ घातली. शेवटी नूर मोहम्मद फडकं भिजवून तोंडाला बांधून त्याच्याबरोबर उतरला.

खालच्या गल्लीत आता हसणं नव्हतं. कारबाइडचा दिवाही विझला होता. नूर मोहम्मदनं चाचपून सुकलूला शोधलं आणि त्याच्या गालांवर ताडताड थपडा मारल्या, मग लाथा मारल्या, शिव्या दिल्या. इसरू बाजूला उभा राहिला. तेव्हासुद्धा त्यानं हात लावला नाही. नूर मोहम्मदनं एकट्यानं काखेत हात घालून त्याला ओढलं. ते अर्ध्या उतारावर आले तेव्हा मागून, खाणीच्या आतून, इसरूच्या घामेजल्या मानेवर वारं लागलं. बाहेर ऊन तापलं होतं आणि हवा उलटी फिरली होती. सुकलूच्या कपाळावरचे केस त्या वाऱ्यानं हलले, पण सुकलू मेला होता.

गुणा येईपर्यंत त्याला तोंडाशी निंबाच्या सावलीत ठेवलं होतं. ती रडली नाही. आधी तिनं आजूबाजूला पाहिलं. डोकं फुटलेला माणूस पाणी पीत होता, दुसरा सुजलेल्या पोटऱ्या चोळत होता. दोघांच्या अंगावर तिच्या बापाचे वळ होते आणि दोघं जिते होते. मग तिनं नवऱ्याचा सदरा वर केला. त्याला कुशीवर वळवून पाठ पाहिली, पोटऱ्या पाहिल्या, केस बाजूला सारून टाळू पाहिली. गालांवर नूर मोहम्मदची बोटं तेवढी होती. सोट्याचा एकही वळ नव्हता.

इसरू दोन हात जमिनीवर टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माह्या मायले तू जनमभर मारलं, बा," ती म्हणाली. "तवा तुहा हात कोनाच्यानंच थांबला नाई. आज काऊन थांबला?"

"तुह्या पोटावरची आन होती, गुणा."

टब जोडायची लोखंडी खीळ तिथंच पडली होती. गुणानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि जमिनीवर टेकलेल्या त्याच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनं पुन्हा घातली, आणि पुन्हा. इसरूनं हात काढून घेतला नाही. ओरडलाही नाही. नूर मोहम्मदनं तिला मागं ओढलं, तोवर त्या हाताची बोटं ओळखू येत नव्हती.

गुणाला मुलगा झाला, चांगला धडधाकट. चौकशी होऊन खाणीला पंखा बसला, आणि मग शहराचा पारा सकाळी कुठं असतो याची खाणीत कुणाला पर्वा राहिली नाही. इसरूचा हात वाकडाच राहिला. त्यानं पुन्हा कुणाला मारलं नाही. डावा हात होता, पण तोही त्यानं उचलला नाही. तो हळू बोलायचा, कुणी शिवी दिली तरी ऐकून घ्यायचा. वस्तीतल्या बायका नव्या सुनांना सांगायच्या, की एवढा कसाई माणूस, पण बघा कसा सुधारला. गुणा तिथं बसलेली असली तर लेकराला कडेवर घ्यायची आणि उठून जायची.